सत्तर ते दोनशे

खातुनाची लेन्स दीड किलोची.
तेलावीच्या बाजारात दीड किलोला
चांगली जाडजूड कोंबडी येते,
असं तिची सासू म्हणते, आणि किंमत विचारत नाही.
हप्ते अजून सात बाकी.

बाप तिचा पासपोर्टच्या फोटोंवर म्हातारा झाला.
एकच लेन्स, पन्नासची, रंग उडून पितळ दिसणारी.
म्हणायचा, झूम पायांत असतो, पोरी,
दोन पावलं पुढे जा, माणूस आपोआप मोठा होतो.
बरोबरच होतं त्याचं. पण त्याच्या काळी
चर्चला कुलूप असायचं,
लग्नं नोंदणी कचेरीत लागायची,
आणि तिथे गालिचाच नव्हता अडवायला.

इथे बापाला मामा म्हणतात, आणि पाद्रीबुवांनाही.
या मामांनी दाढीतूनच बजावलंय:
गालिच्यावर पाय नको, फ्लॅश नको, खटखट कमी.
म्हणून ती बाजूच्या खांबाला पाठ लावते,
कोपरं बरगड्यांत रुतवते,
अर्धा श्वास सोडते, अर्धा धरून ठेवते
आणि डाव्या हाताने रबरी कडं फिरवते,
मधाच्या बरणीचं झाकण उघडावं तसं, आवाज न करता.

सत्तरला सगळी मंडळी, मेणबत्त्या, भिंतीवरचे झिजलेले संत.
शंभरला दोघंच, डोक्यांवर मुकुट,
वाझाचा एका कानावर कललेला.
दोनशेला थेओनाच्या वरच्या ओठावरचा घाम
आणि तिच्यामागे सगळं मऊ,
लोण्यात बोट फिरवल्यासारखं.

लग्नाच्या फोटोत हेच खपतं, तिला ठाऊक आहे.
मागे प्लास्टिकच्या खुर्च्या असतात, विजेचा डबा असतो,
जमिनीवरून अबोला धरलेला चुलता असतो.
दोन पॉइंट आठला सगळ्यांचं धुकं होतं.

त्या दिवशी मात्र फोकस घसरला,
नवरीला सोडून
मागे जाऊन बसला:
गुलनारावर, नवरीच्या आईवर.
डाव्या हातात मेणबत्ती,
उजव्यात, छातीशी, मोबाइल,
पडदा बाहेर करून, पोराला दिसावं म्हणून.
पडद्यात पिवळं हेल्मेट. हेल्मेटखाली बेसो,
पोलंडात कुठल्याशा पुलावर कामाला,
रजा न मिळालेला.
चित्र अडकलं होतं त्याचं, तोंड अर्धं उघडं.
बोलत होता की रडत होता की
नुसतं नेटवर्क गेलं होतं, कळत नव्हतं.
आईला तर ते दिसतच नव्हतं.
ती पडदा उंच धरून उभी, हात थरथरत,
मेण मनगटावर ओघळतंय.

खातुनाने फोकस परत आणायला हवा होता.
दोघं फेरे घ्यायला निघाली होती,
आणि फेरे तीनच.
तिने एक फोटो घेतला. मग अजून एक.

अल्बममध्ये तो गेला नाही.
नवरी म्हणजे पुढे नुसता पांढरा डाग,
त्याचे पैसे कोण देणार?

द्राक्षं उतरल्यावर गुलनारा दुकानात आली,
बोटांच्या पेरांत अजून रसाचं जांभळं.
म्हणाली, आहे म्हणतात एक. पोराला मोठा करून दे.

खातुनाने मोठा केला. अजून मोठा.
हेल्मेटचे पिवळे चौकोन झाले,
चेहऱ्याचे सात-आठ तपकिरी.
त्यापुढे दीड किलोच्या काचेचंही काही चालेना.
"एवढाच येतो," ती म्हणाली, "यापुढे माणूस राहत नाही त्यात."

गुलनाराने चष्मा काढला, वाकली,
स्क्रीनला नाक लागेल इतकी.
मग दोन पावलं मागे सरली. अजून एक.
सरत सरत दारापाशी गेली
आणि उंबरठ्यावर थांबली.

"इकडे ये," म्हणाली. "इथून बघ.
इथून तोच आहे.
कान बापावर गेलेत."