पेव

मिरजेच्या त्या गार खोलीत
एका पोरीनं, माझ्या धाकटीच्या वयाची असेल,
पाच शब्द सांगितले : आरसा, कुलूप, पेरू, नदी, गोणी.
"आजोबा, लक्षात ठेवा. मी परत विचारणार."
आप्पांनी मान डोलावली, सौदा पटल्यासारखी.

शंभरातून सात वजा करत जा म्हणाली,
तर त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर...
थांबवावं लागलं त्यांना.
चाळीस वर्षं हळदीच्या पोत्यांतून तूट वजा केलेला माणूस.
माझ्या जिवात जीव आला.

मग घड्याळ काढायला सांगितलं, अकरा वाजून दहा मिनिटांचं.
गोल नीट आला, पेवाच्या तोंडासारखा,
आणि बाराही आकडे उजव्या काठाला दाटीवाटीनं बसले.
डावी बाजू कोरी.
ते बघत राहिले. काहीतरी बिनसलंय एवढं कळत होतं,
काय ते कळत नव्हतं.

"आणि ते पाच शब्द?"
"आरसा," आप्पा म्हणाले. मग बराच वेळ एसीचा आवाज.
उरलेले चार मी दातांखाली धरून बसले;
शाळेत कधी दिली नाही ती कॉपी
आज द्यावीशी वाटली.

डॉक्टरांनी पडद्यावर मेंदूचं चित्र लावलं.
"इथं, कानांच्या आत खोलवर, दोन्हीकडं
वयाच्या मानानं जरा जास्तच आक्रसलंय.
सुरुवात असावी. नक्की म्हणायला अजून तपासण्या लागतील."
आप्पा पुढं वाकले :
"पाझर कुठनं लागलाय?"

डॉक्टर माझ्याकडं बघायला लागले.
त्यांना पेव कसं सांगणार?
जमिनीखालची कोठी, आतून उसाचा पाला, वर माती,
हळद वर्षानुवर्षं टिकायची;
आणि पुराच्या साली पाणी खालून चढलं,
वरची माती कोरडी असताना.

रिक्षा हरिपूरच्या रस्त्याला लागली तेव्हा आपण होऊन बोलले.
"पेव उघडलं की लगेच उतरायचं नसतं.
आधी कंदील सोडायचा.
विझला, तर कुणीच उतरायचं नाही.
मिणमिणला, तर कंबरेला दोर बांधून उतरायचं,
अन् वर दोर कुणी धरलाय
त्याचं नाव घेत राहायचं, मोठ्यानं.
आवाज थांबला की वरचा ओढतो."

"आप्पा, मग आपला कंदील?"
उत्तर दिलं नाही. माझं मनगट धरलं.
"महानंदा," म्हणाले,
रिक्षावाल्यानं आरशातून बघावं एवढ्या मोठ्यानं.
चिंचांखालून जाताना पुन्हा, "महानंदा."
मग घराच्या वळणावर, कुणी विचारलं नसताना :
"पेरू."