डाडक : ३४१ निकाल

मच्छीमार संस्थेच्या खोलीत
बर्फाच्या पेटीवर लॅपटॉप,
आणि भिंतीला टेकून एकोणीस रजिस्टरं,
ओल खाऊन कोबीसारखी फुगलेली.
दोन उन्हाळे मी ती टंकत बसले :
तारीख, बोडीचं नाव, मासा, वजन, शेरा.
एक ओळ म्हणजे एक दस्त.

फागोजी नान्हे दारातूनच म्हणाले,
"शेवटचा डाडक कई सापडला, पाह्य बरं."

सात मिलिसेकंद.
३४१ निकाल.

"काढ मंग बाहेर."
बाहेर यायचेत अजून, मी म्हटलं,
सध्या नुसते क्रमांक आलेत
आणि क्रमांकाशेजारी गुण.
ओळ आत कोठारात आहे,
एकेक क्रमांक घेऊन जाऊन ती आणावी लागते,
सगळ्या एकदम उपसल्या तर ह्या लॅपटॉपला धाप लागते.

"जाऱ्यात मासा येते, बाई.
तुह्या जाऱ्यात नंबर येते."

जाऱ्यात. जाळ्यात नाही.
सचिव बिसन वलथरे बोलायचे तसंच लिहायचे :
तरा, मरर, काराभोर.
पहिल्यांदा मी तळं शोधलं तेव्हा
एवढ्या पाण्याच्या गावात शून्य निकाल आले.
मग ळ आणि र एकच समजणारी चाळणी बसवली,
तर गळ मागितला की आंब्याचा गरही येऊ लागला
(कुणीतरी एकदा आमिष म्हणून लावला होता).

जावाला सांगितलं, वरचे दहा दे.
पहिला निकाल. १९८३. वजन नाही, बोडी नाही. शेरा :
डाडक डाडक डाडक डाडक.
फागोजी हसले ते खोकेपर्यंत.
"बिसननं नवा पेन घेतला व्हता. थो दिवस मले याद हाये."
छोटी ओळ, तोच शब्द चारदा.
यंत्राच्या हिशेबात ह्याहून जास्त डाडक काही नाही.

तारखेनं लावायचे ना, तुम्ही म्हणाल.
तारीख मी मजकूर म्हणून भरली होती,
त्यामुळे एक तारखेशेजारी दहा तारीख येऊन बसते
आणि नोव्हेंबर कुठंही.
चूक माझी.

म्हणून शेवटच्या निकालाचं बोट धरून पुढचे दहा.
परत बोट, परत दहा.
चौथ्यांदा बोट धरलं तेव्हा
एक्केचाळिसावा, गुण जेमतेम,
कारण ओळ लांब, आणि शब्द तिच्यात एकदाच :

१४ नोव्हेंबर १९९८. मामा तलाव. सकारी धुकं.
फागो नान्हे याच्या डोंग्यात मरर चार, शिंगूर अडीच किलो,
एक डाडक, हातभर. वजन केलं नाही.
पोरीले दाखवाले घरी नेला.

फागोजींनी ती ओळ
मला दोनदा वाचायला लावली.
"लिवलं व्हतं मंजे," एवढंच.

मग म्हणाले, नंबर लिऊन दे कागदावर.
नंबरावर जीव लावू नका, मी म्हटलं.
उद्या मी ती पेनाची ओळ खोडली,
तुकडे पुन्हा सांधले गेले,
की क्रमांक मागे सरकतात,
आणि तुमच्या नंबरावर भलताच मासा निघतो.
हे लिहून घ्या : रजिस्टर अकरा, पान छप्पन.

"आन हे बी लिव तुह्या मशीनमंदी.
परवा बांधाखाली एक दिसला.
पकडला नाई."

लिहिलं. वजनाचा रकाना रिकामा ठेवला.
शोधलं. ३४१.
पुन्हा शोधलं. ३४१.
वाचक मी सकाळी उघडलेला,
त्याला सकाळपर्यंतचंच गाव दिसतं.
त्यानंतर काय आलं ते पाहायचं
तर तो बंद करून परत उघडावा लागतो.
"मंग उघड ना."

तेवढ्यात साकोलीची बर्फाची गाडी आली,
पेटी मोकळी हवी होती.
फागोजींनी लॅपटॉप उचलला
आणि छातीशी धरून उभे राहिले, उघडाच,
पाण्यातून काहीतरी आणल्यासारखा
अंगापासून जरा लांब.