साखळी

नोव्हेंबरातला शनिवार. ओहायोतलं हार्लो,
गावापेक्षा स्टेडियमच जरा मोठं.
मी इथे भूगर्भशास्त्र शिकवतो
आणि अकरा वर्षं, घरच्या सामन्यांना,
साखळीचं एक टोक धरतो.
दहा यार्ड. केशरी दांडा. मानधन एक हॉटडॉग.

दुसरं टोक वर्नन स्टुट्झमनकडे.
हा न्हावी. नदीपलीकडच्या कॉलेजशी
त्याचं शाळेपासून वाकडं,
पण दांडा हातात आला की ब्र काढत नाही.
मोजणाऱ्याला बाजू नसते, म्हणतो.
मोजे मात्र आमच्या रंगाचे.

पाच गुणांनी मागे. मिनिट उरलेलं.
जिंकलो तरी बाद फेरी आपली नाहीच लगेच;
तिकडे इंडियानात कुणीतरी हरायला हवं.
डीनबाईंच्या कानाला रेडिओ.

चौथा प्रयत्न. कोव्हाचिक,
माझ्या वर्गात चुनखडीला नेहमी वालुकाश्म म्हणणारा,
दहा देहांच्या खाली, चेंडू पोटाशी.
शिट्टी.
आम्ही साखळी घेऊन आत धावलो.
जमीन गोठलेली, दांडा टेकताना
टणक् वाजला, तो सगळ्यांनी ऐकला.
वर्ननने ताणली.

चार बोटं कमी.

कोव्हाचिक उठला नाही. गुडघ्यावरूनच
माझ्याकडे बघत राहिला.
मी दांड्याकडे बघत राहिलो.

इंडियानात हरायचे ते हरले,
हे आम्हाला पार्किंगमध्ये कळलं.
वर्नन म्हणाला, "मोजे भिजले," आणि गाडीत बसला.

साखळी तेलपाणी करायला माझ्याकडेच असते.
रात्री गॅरेजमध्ये पसरली, टेप लावली.
दहा यार्ड. बरोबर भरली.
दिवा मालवला.
परत लावला.