बक्कल नंबर ४१७

जिल्हा पोलीस दलाची स्मरणिका निघतेय.
साहेबांचा निरोप: हर्णै दूरक्षेत्राचा इतिहास,
दोन पानं, सोमवारपर्यंत,
शौर्य असेल तर फोटोसकट.

मुद्देमालाच्या खोलीतली ट्रंक उघडली.
वर एक जप्त जाळं, अजून बांगड्याचा वास धरून,
खाली रजिस्टरं, कसर लागलेली,
खाऱ्या वाऱ्यानं कडा बिस्किटासारख्या.
माझ्या पट्ट्यावरचा आकडा मी त्यांत शोधत गेले.

सन तीस. ४१७, धाकू सोनू पिळणकर.
निळा डगला, पिवळी पगडी.
पुळणीवर हंडी मांडून मीठ उकळणारे सात जण धरले,
त्यांत एक सख्खा मेव्हणा.
दुसऱ्या दिवशीचा रजेचा अर्ज टाचलेला आहे.
कारण: पोटदुखी.
तिसऱ्या दिवशीचाही. कारण: तेच.

सन एकोणसत्तर. ४१७, इसाक पारकर.
अवसेच्या रात्री गलबत लागलं.
चांदीच्या विटा पंचनाम्यात एक्केचाळीस,
त्यावर वेगळ्या शाईनं एकोणचाळीस.
इसाकची सही पहिल्या आकड्याखाली आहे,
दुसऱ्याखाली नाही.
पुढच्याच पानावर त्याची बदली:
घाटाखालची चौकी,
जिथून समुद्र दिसत नाही.

मग जानू गोताड. चौतीस वर्षं, पदक नाही.
अक्षर म्हणजे वाळूवरून कुर्ली गेलेली.
किनाऱ्याला लागलेली बेवारस प्रेतं अकरा,
प्रत्येक पंचनाम्यात: ‘अंगावर रेनकोट घातलेला.’
कुणाचा, ते लिहिलेलं नाही.
स्टोअरच्या वहीत मात्र: गोताड, रेनकोट गहाळ, पगारातून कपात.
अकरा वेळा.

शिमग्याला दोन गावांच्या शिवेवर पालखी अडली,
काठ्या निघाल्या,
तेव्हा यानं टोपी खिशात कोंबून दांड्याला खांदा दिला
अन् देव थेट चौकीत आणला.
रात्रभर देव लॉकअपशेजारी.
सकाळी दोन्ही गावं नारळ घेऊन दारात.
ह्याची नोंद कुठेच नाही,
लिलावात सुरमई मोजता मोजता हंसाबाय तांडेल सांगते.

आता ४१७ मी.
आकड्यातला सात घासून घासून एकासारखा झालाय.
मोच्याकडून पट्ट्याला दोन भोकं जास्तीची पाडून घेतली.
चौकीत बाईमाणसासाठी संडास गेल्या वर्षी झाला.
तोही इतिहासच,
पण मी लिहिला नाही.

पानं पाठवली. लाल पेन्सिलीनं परत आली.
पोटदुखी काढा.
एकोणचाळीस काढा.
रेनकोटात शौर्य काय?

रात्रीचे पावणेदोन. स्टेशन डायरी पुढ्यात.
बंदरापासून किल्ल्यासमोरच्या पुळणीपर्यंत गस्त घातली,
होड्या वर ओढलेल्या,
एक कुत्रा थोडा मागोमाग आला, मग कंटाळला.
सगळे लिहीत आले तेच लिहिते:
विशेष काही नाही.

मग पेन बंद करता करता, त्याखाली:
रेनकोट एक. खुंटीवर.
ओला.