मालखाझला वास येत नाही

रुस्तावीत, पोलादाच्या जुन्या कारखान्यामागे
गॅरेजचं शटर वर गेलं की मी उंबऱ्यातच थांबते
आणि हुंगते.
पाने, जॅक, सगळं नंतर. आधी हे.
"तेक्ला, काय येतंय?"
"पेट्रोल. किंचित. डावीकडून."
मग तो शेगडी पेटवत नाही,
मागचंही दार सताड उघडतो
आणि चहाच्या आधी मार्चचा वारा आत येऊन बसतो.

त्याचं नाक गेलं, तेव्हा शहरात वीज नव्हती.
थंडी म्हणून दारं बंद,
टबात कार्ब्युरेटर भिजत पडलेले, हात उघडे,
आणि मेणबत्ती, हो, मेणबत्तीसुद्धा, त्याच टेबलावर.
"पेटलो नाही, एवढंच," म्हणतो.
एका दिवसात नाही गेलं.
आधी कोथिंबीर गेली,
मग ओला कुत्रा,
मग बायकोचे केस.

काल गोचा आला, पोलंडहून, नऊ वर्षांनी.
बापाची ओपेल दोरीने ओढत आणलेली.
पिशवीत इंजिन धुण्याच्या दोन बाटल्या.
"दोन्ही ओता. रविवारी परत जायचंय."
मालखाझने तेलाचं झाकण फिरवलं.
खाली काळं, घट्ट,
चुलीवर विसरलेल्या काकवीसारखं.
त्याने बोट फिरवून त्याला दाखवलं.
"हे सगळं एकदम सुटलं, तर जाईल कुठे?
खाली. जाळीत.
जाळी बुजली की पंप कोरडा ओढतो,
आणि बेअरिंग ओरडतात. एकदाच."
बाटल्या त्याने पिशवीत परत ठेवल्या, हळू,
पाहुण्याची टोपी ठेवावी तशा.

साधं तेल, नवा फिल्टर, तीनशे किलोमीटर.
पुन्हा तेल, पुन्हा फिल्टर.
जुना कापून बघायचा, काय निघालं ते.
टाकीतलं शिळं पेट्रोल आधी काढायचं.
क्लीनर त्यानंतर, भरल्या टाकीत,
डब्यावर लिहिलंय तेवढाच;
जास्त ओतून लवकर होत नाही काही.
थ्रॉटलला हात लावायचा तो इंजिन गार झाल्यावर,
बॅटरीची तार सोडून,
फवारा फडक्यावर, भोकात नाही.
हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या वाटेला तर जायचंच नाही,
त्याचं औषध वेगळं.
आणि लाल डबा जिथे फवारला तिथे वेल्डिंग नाही.
"सुकलंय की," मी एकदा म्हटलं होतं.
तेव्हा तो माझ्यावर ओरडला, पहिल्यांदा आणि शेवटचा,
आणि दिवसभर माझ्याशी बोलला नाही.
वापरलेलं तेल पिंपात, नाल्यात नाही.
नाल्याच्या पलीकडे त्याचीच काकडी आहे.

गोचा घड्याळ बघत राहिला.
"रविवार," पुन्हा म्हणाला, पण आवाज खाली गेलेला.
"रविवारी तू जा," मालखाझ म्हणाला,
"गाडी राहील."

हातमोजे चढवून मी ओपेलचं दार उघडलं.
पाच हिवाळे कोंडलेली हवा अंगावर आली.
"तेक्ला, काय येतंय?"
"पेट्रोल नाही."
"मग?"
"तंबाखू. अक्रोड. ओली लोकर." थोडं थांबून, "उंदीर."
गोचा शटरकडे तोंड करून उभा होता.
मालखाझने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
मग स्वतःही दारात वाकला
आणि एक दीर्घ श्वास घेतला,
रिकामा.
"उंदरांनी वायरी खाल्ल्या असतील," म्हणाला. "बघ."
मी टॉर्च घेतला.