हाकेच्या अंतरावर

सहा ओळींचा प्रोग्रॅम.
पहिली ओळ लायब्ररीला आत बोलावते, शेवटची म्हणते, बोल.
मधल्या चार मी क्विव्हीकला, मामाच्या स्वयंपाकघरात लिहिल्या,
वाळवलेल्या मटणाच्या वासात.
हानुसमामा समोर बसून कॉफी गार करत होता.

मार्चमध्ये त्याचं स्वरयंत्र काढलं.
तेव्हापासून तो पाटीवर लिहितो.
पण कुत्र्याला वाचता येत नाही,
आणि मेंढ्या डोंगरावर आहेत.

लायब्ररीत एकोणचाळीस भाषा. फेरोईज नाही.
त्यातल्या त्यात जवळची म्हणून डॅनिश घेतली,
जिच्यात मामा आजवर
फक्त बँकेशी आणि डॉक्टरांशी बोललाय.

पहिला शब्द त्याने टाइप केला, कुत्र्याचं नाव.
स्कुज्जी. म्हणजे सावली.
आम्ही ग लिहितो आणि ज म्हणतो,
हे यंत्राला कोण सांगणार?
ते म्हणालं, स्कुगी,
बातम्या देणाऱ्या बाईसारखं स्वच्छ.
शेगडीपाशी कुत्र्याने कानसुद्धा हलवला नाही.

मी वेग कमी केला. पट्टी उतरवली.
बाईचा बाप्या केला.
स्कुगी. स्कुगी.

मग मामाने कीबोर्ड स्वतःकडे ओढला
आणि नाव चुकीचं लिहिलं.
हा माणूस, जो माझी पत्रं
लाल शाईने सुधारून परत पाठवायचा,
एक अक्षर काढून, दोन घुसवून
ऐकत बसला. पुन्हा मोडलं. पुन्हा ऐकलं.

सातव्या चुकीला कुत्रा उठला.
स्पीकर हुंगला, बशी हुंगली,
आणि दाराशी जाऊन उभा राहिला.
त्या नावाचा अर्थ नेहमी 'बाहेर' असाच होत आलाय.
मामाने बूट चढवले,
फोन पावाच्या पिशवीत गुंडाळला.

वाऱ्यात तो आवाज वीस पावलांपुढे जात नाही.
वीस पावलं तर वीस.

आता एक फाइल आहे.
डावीकडे शुद्ध, उजवीकडे ऐकू येण्यापुरतं अशुद्ध.
दोनशे बारा शब्द:
कुंपण, गवत, थांब गाढवा, धुकं उतरतंय,
आणि शेजारच्या एय्विंदुरच्या एडक्यासाठी एक शिवी,
जी त्याने माझ्याकडून तीनदा दुरुस्त करून घेतली.

'बिरिता' त्यात नाही.
ते यंत्राला आपसूकच बरोबर येतं.
तरी मामाने ते अजून एकदाही वाजवलेलं नाही.
मी हवी असले की टेबलावर दोनदा थाप मारतो,
आणि कुत्राही येतो.