मठार

आमच्या तांबट आळीत
नवरा-बायकोचं भांडण एकाच बाजूने होतं.
लग्नानंतर दहा-बारा वर्षांत ह्यांचे कान गेले,
सासऱ्यांचे त्याआधीच गेले होते.
तांब्याला पोट येतं ते फुकट येत नाही.

दुकानातला काळा फोन वाजायचा
तो वरच्या मजल्यावर मला ऐकू यायचा,
त्याला खेटून बसलेल्या ह्यांना नाही.
पिठाच्या हाताने खाली उतरायचं,
पाटीवर खडूने लिहायचं:
सिन्नर. घागरी दोन. बारशाच्या आत.
बारसं कधी, ते विचारायचं राहून जायचं.
बाळ चालायला लागल्यावर घागरी पोचायच्या.

मग शर्वाणीने, धाकट्या जावेच्या मुलीने,
मोबाइल आणून ह्यांच्या मांडीवर ठेवला.
अंगठा लावा म्हणाली.
अंगठा लागेना.
पंचेचाळीस वर्षांच्या हातोड्याने रेषा पुसलेल्या,
रेशनच्या दुकानातलं यंत्रसुद्धा ह्यांना ओळखत नाही.
शेवटी आकडे टाकले चार:
ह्यांनी घडवलेल्या पहिल्या हंड्याचं वजन, ग्रॅममध्ये.
किती, ते मी सांगणार नाही.

आता लिहिलेलं येतं, लिहिलेलं जातं,
मधे मी नाही.
खरं सांगू,
पहिले काही दिवस पाटी पुसायला हात शिवशिवायचे.

वलसाडच्या एकाने लोटा परत पाठवला,
काळा पडला म्हणे.
ह्यांनी उत्तर टाकलं: तांबं आहे साहेब, चिंच लावा.
मेजर म्हणवणाऱ्या दुसऱ्या एकाने
पैसे पाठवतो सांगून बत्तीसशे काढून नेले.
त्या रात्री हे जेवले नाहीत
आणि मी पहिल्यांदाच मनातल्या मनातही भांडले नाही.
लाइटबिलाची रांग मात्र सुटली.
कुरिअरचा पोरगा रविवार कारंज्यावरून स्वतः येतो,
बंब उचलताना आईला हाका मारतो.
आणि गल्ल्याजवळचा तो डबा,
तीनशे रुपये प्राप्त झाले, असं ओरडतो,
ते ह्यांना ऐकू येत नाही, मला येतं.
घराचा हिशेब त्यामुळे आता माझ्याकडे.

गेल्या दिवाळीनंतर आसामातून एक व्हिडिओ आला.
जुनी घागर, बुडाशी पाझरणारी,
खाली मोडक्यातोडक्या हिंदीत नातवाने लिहिलेलं:
आजोबा भांडी घडवतात. सांधा टिकत नाही.
फोन करू नका, त्यांना ऐकू येत नाही.

ह्यांनी ते दोनदा वाचलं.
मग मला वाचायला दिलं.
मग चष्मा काढून
पंचाने बराच वेळ पुसत बसले.

तेव्हापासून आठवड्यातून एकदा
मोबाइल मुशीला टेकून उभा राहतो.
काचेत एक म्हातारा, गळ्यात मफलर.
ह्यांनी टाकणखार किती
ते बोटाच्या पेरावर दाखवलं.
त्याने मान हलवली, तळहात पुढे धरला,
करंगळीखाली घट्टा, अगदी ह्यांच्याच जागी.
बोलणं असं काहीच नाही.
इकडे ठोका पडतो, तिकडे पडतो,
कधी चित्र अडकतं
आणि त्याचा हातोडा वरच राहतो,
हे तो खाली येईपर्यंत थांबतात.
साडेचारला तिकडे अंधारायला लागतं,
इकडे सराफ बाजाराच्या बाजूला अजून लख्ख ऊन.
दोघं एकमेकांचे हात बघत राहतात.

मी जिन्यावर बसून ऐकते.
ह्यांची चाल सरळ: एक, एक, एक.
त्याची निराळी,
तीन भरभर, मग एक उशिरा,
जसं कोणी पायरी विसरून उतरावं.
हे ह्यांना अजून सांगितलेलं नाही.
पाटी माळ्यावर आहे, काढेन,
पण तिच्यावर लिहायचं काय,
ते अजून सुचत नाही.